न केलेला नमस्कार

१२ जानेवारी

प्रिय मावशी,

पोचल्यापोचल्या पत्र टाक म्हणाली होतीस, त्याला आज तीन महिने झाले. कान पकडते. फोन करायचा तर इथे रेंज फक्त किराणा दुकानाच्या पायरीवर मिळते आणि तिथे उभं राहून बोललं की अख्खं गाव त्यात आपापली भर घालतं. परवा आईला फोनवर "घसा दुखतोय" म्हटलं, तर संध्याकाळपर्यंत चौघींनी मला गुळण्या कशाच्या करायच्या ते सांगितलं. म्हणून हे पत्र.

आरोग्य केंद्रात पूर्वी लसी ठेवायची जी खोली होती, ती मला मिळाली आहे. फ्रिज गेला, पण त्याचा चौकोनी डाग फरशीवर राहिलाय, त्यावर माझं टेबल. खुर्च्या दोन, त्यातली एक डुगडुगते, ती मी घेते. दाराची कडी बसत नाही, म्हणून आतून वीट लावते. बाहेर बाक एकच. खोकलेवाले, पट्टी बदलायला आलेले आणि माझ्याकडे आलेले, सगळे त्याच बाकावर. 'मानसिक आरोग्य विभाग' अशी मोठी पाटी होती, ती मी दुसऱ्याच आठवड्यात उतरवली. आता नुसतं 'खोली क्रमांक ३'.

पहिला महिना माशा मारल्या. मग इथल्या सिस्टरनी कानउघाडणी केली. त्या गेली वीस वर्षं इथे आहेत. म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही आपल्या नाकासमोर चालता. शहरात चालत असेल. इथे भेटेल त्याच्याशी बोलावं लागतं." तेव्हापासून मी भेटेल त्याला "नमस्कार, बरं आहे ना?" म्हणते. दुकानदार, शिंपीणबाई, गिरणीवाले, कुंपणापाशी खुर्ची टाकून बसणारे निवृत्त मास्तर. दहा मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लागतो, पण गुण आला. आता माझ्याकडे नऊ जण येतात!

आणि काळजी करू नकोस, तुझा नियम पाळते. रस्त्यात आपला पेशंट दिसला तर नजर सरळ. तो आधी बोलल्याशिवाय आपण ओळख दाखवायची नाही. जड जातं, पण पाळते.

एका गृहस्थांबद्दल तुला लिहायचंय. माझं प्रशिक्षण बघणाऱ्या सरांना विचारलं, नाव गाळून लिहायला हरकत नाही म्हणाले. ते गावाला पाणी सोडतात. रोज सकाळी टाकीचे व्हॉल्व उघडायचे, मोजून औषध टाकायचं, सगळ्या आळ्यांना पाणी पोचलं की बंद करायचे. दीड वर्षापूर्वी त्यांची बायको आजारात गेली. मूलबाळ नाही. घरात ते आणि सासूबाई. दर गुरुवारी माझ्याकडे येतात ते हातात पाना घेऊन, केंद्राचा नळ दुरुस्त करायच्या निमित्ताने. पहिले तीन गुरुवार तर त्यांनी खरोखरच नळ खोलून पुन्हा बसवला. चौथ्या गुरुवारी पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, पाणी सोडायचं असतं म्हणून मी सकाळी उठतो. नसतं सोडायचं, तर उठलो नसतो."

एवढंच बोलले. पण बोलले ना! मला त्या दिवशी जेवणच गेलं नाही.

तुझा गुडघा कसा आहे?

तुझी ठमी


२० जानेवारी

ठमाबाई,

तीन महिन्यांनी पत्र, पण तेही असं की रागावायला जागा ठेवली नाहीस. डुगडुगती खुर्ची आपण घ्यायची, हे तुला कुणी शिकवलं? मी तर नाही. आवडलं मला.

पाणी सोडणाऱ्या गृहस्थांचं वाक्य नुसतं जपून ठेवू नकोस. ते तुला अर्धंच सांगतायत. ज्या दिवशी उठायला कारण उरणार नाही त्या दिवशी काय, हे त्यांना सरळ विचार. आडून आडून नको. मरणाचे विचार येतात का, हे तोंडाने विचार. विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते विचार शिरत नाहीत, उलट माणूस मोकळा होतो. आणि विचार वाढले तर काय करायचं, कुणाला सांगायचं, हे दोघांनी मिळून ठरवा.

नियमाचं वाचून बरं वाटलं. तो एकतीस वर्षांत मी एकदाही मोडला नाही. लिफ्टमध्ये, बँकेच्या रांगेत, एकदा तर दातांच्या दवाखान्यात शेजारच्याच खुर्चीवर माझी पेशंट होती. दोघींच्याही तोंडात कापूस, त्यामुळे तेव्हा सोपं गेलं म्हणा. आपल्याकडे कोण येतं हे त्याचं त्याने सांगायचं, आपण ते नजरेनेसुद्धा फोडायचं नाही. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, हे विसरू नकोस.

गुडघा आहे तिथेच आहे. भाजीला मी हल्ली जात नाही, खालच्या मजल्यावरची सून आणून देते. तिला चांगली वांगी ओळखता येत नाहीत, पण बोलायची सोय नाही.

मावशी


१६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तू म्हणालीस तसं विचारलं. ते फरशीवरच्या डागाकडे बघू लागले. मग म्हणाले, "येतो तसा विचार. पण करणार नाही काही. पाणी कोण सोडेल?" मग आम्ही कागदावर लिहून काढलं. विचार वाढले, तर गुरुवारची वाट बघायची नाही, ताबडतोब मला येऊन सांगायचं. त्यांनी तो कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि दारात वळून म्हणाले, "तुम्हाला सांगेन." माझ्या आयुष्यात कुणी मला दिलेला हा सगळ्यात मोठा शब्द असेल.

पण बाकी सगळं विचित्र चाललंय. नवांचे सहा झाले, सहाचे तीन. शाळेतल्या शिपाईबाई यायच्या, त्या आता केंद्रासमोरून जातानासुद्धा पलीकडच्या कडेने जातात. माझं काय चुकतंय ते कळत नाही. सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, "येतील," आणि औषधांच्या बाटल्या पुसत बसल्या.

पाणी सोडणारेही दोन गुरुवार आले नाहीत. पण या सोमवारी चौकात दिसले. दुकानाच्या पायरीशी उभे होते, हात खाली, माझ्याकडेच बघत होते. पायरीवर चारपाच जण होते. मी नजर सरळ ठेवली. त्यांच्या मागेच दुकानदार होते, त्यांना "नमस्कार, बरं आहे ना?" म्हटलं आणि पुढे गेले. ते काही बोलले नाहीत, म्हणून मीही नाही. चेहरा तसा शांत वाटला. बरं वाटत असेल का गं त्यांना? म्हणून येत नसतील?

ठमी


२३ फेब्रुवारी

ठमे,

शांत होता म्हणतेस ना, मग डोक्याला ताप करून घेऊ नकोस. बरं वाटायला लागलं की माणूस आपल्याला विसरतो, आणि विसरावंच. ठरल्याप्रमाणे त्यांनी येऊन सांगितलं नाही, याचा अर्थ सांगण्यासारखं काही नसावं. मागे लागू नकोस. मागे लागणं हा नव्या माणसाचा रोग आहे, मलाही होता.

बाकीच्यांचं म्हणशील तर शेतीच्या कामाचे दिवस असतील. संख्येवर जीव टाकू नकोस.

मावशी


९ मार्च

मावशी,

हे सगळं तुला कसं लिहू ते कळत नाही. जसं सुचेल तसं लिहिते.

आज सकाळी पाणी सोडणाऱ्यांच्या सासूबाई केंद्रात आल्या. बाकावर बसल्या नाहीत, तडक आत आल्या. वीट पायाने सरकवली आणि माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "तुम्हीच ना त्या?"

मी म्हटलं, "बसा ना आजी."

"बसलेच आहे. एक सांगा. माझ्या जावयाने तुमचं काय वाकडं केलं होतं?"

मला काही समजेना. मग त्या बोलायला लागल्या. मावशी, गावाने माझ्या पेशंटांची यादी केली आहे. ती मीच त्यांना दिली. शिंपीणबाईंच्या दुकानात बायका बसल्या होत्या, कुणीतरी म्हणालं, मॅडम सगळ्यांना नमस्कार करतात, कुत्र्यामांजरांशीही बोलतात, मग शिपाईबाईंकडे का बघत नाहीत? आणि पाणी सोडणाऱ्यांकडे? हसत हसत मोजलं सगळ्यांनी. दहा नावं निघाली. नऊ बरोबर होती. दहावे पोस्टमास्तर, त्यांना मी एकदा चष्मा नसताना पाहिलंच नव्हतं. ते बिचारे अजून लोकांना सांगत फिरतायत की मी ठणठणीत आहे.

यावर मला हसू यायला हवं, ते येत नाही.

पाणी समितीची बैठक झाली. कुणीतरी म्हणालं, त्यांचा डोक्याचा इलाज चाललाय, टाकीत औषध कमीजास्त पडलं तर? कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. व्हॉल्वची चावी तेवढी ठेवून जा म्हणाले. ती त्यांनी ठेवली आणि घरी आले.

हे झालं रविवारी. मी त्यांना चौकात पाहिलं तो सोमवार.

सासूबाई म्हणाल्या, "सोमवारी सकाळी उठला, तोंड धुतलं. तुमचा तो कागद खिशात घातला. मला म्हणाला, मॅडमना सांगून येतो. आणि पंधरा मिनिटांत परत आला. काय झालं विचारलं तर म्हणाला, त्यांनी ओळख दाखवली नाही. तेव्हापासून उठत नाही. जेवायला उठवते तेवढाच उठतो. मी दाराशी बसून असते दिवसभर. का बसते ते तुम्हाला कळत असेल, शिकलेल्या आहात."

मी म्हटलं, आजी, तो आमचा नियम असतो, त्यांचीच अब्रू राहावी म्हणून. हे बोलताना माझे शब्द मलाच पोकळ वाटले. त्या म्हणाल्या, "शत्रूलासुद्धा इथे लोक काय रे म्हणतात. मान फिरवायची ती फक्त मेलेल्याकडून, मसणातून परतताना. माझ्या लेकीचं सगळं मी याच दोन हातांनी केलंय. आता याचं करायचं नाही मला."

फोन पायरीवरच लागतो आणि हे पायरीवरून बोलता येणार नाही. सिस्टरच्या स्कूटरवर बसून पलीकडच्या गावी जाऊन सरांना फोन केला. ते म्हणाले, ताबडतोब घरी जा, सिस्टरना बरोबर ने, मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर मी उद्या पाठवतो. आम्ही निघतोच आहोत. सिस्टर पिशवी भरतायत तेवढ्यात हे लिहिलं.

तुझा नियम होता, मावशी. मी डोळे मिटून पाळला. मला तुझा राग आलाय. माझाही आलाय, पण आज तुझा जास्त आलाय.


१४ मार्च

ठमे,

हे पोचेपर्यंत तू जाऊन आली असशील. तरी लिहिते. एक, त्यांच्याजवळ कुणीतरी सतत असू दे आणि त्या सासूबाईंना झोपायला मिळेल अशी पाळी लावा. दोन, त्यांना पुन्हा सरळ विचार, मागे विचारलंस तसंच. तीन, माफी मागायची असेल तर एकदाच, थोडक्यात माग. ती त्यांच्यासाठी असू दे, तुला झोप लागावी म्हणून नको. तू रडलीस तर त्यांना तुझी समजूत घालावी लागेल. ते ओझं त्यांच्यावर टाकू नकोस.

आता तुझ्या रागाचं.

मी नोकरीला लागून सात वर्षं झाली होती. एक बाई यायच्या, ग्रंथालयात काम करायच्या. एकदा भाजीबाजारात समोरून आल्या. माझ्याकडे बघून थांबल्या. मी नियमाप्रमाणे टोमॅटोंकडे बघायला लागले. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या. चार दिवसांनी त्या गेल्याचं कळलं. स्वतःहून गेल्या.

मी बोलले असते तर काही वेगळं झालं असतं का, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. माझ्या तेव्हाच्या साहेबांनी फाइल पाहून सांगितलं की तुमचं काही चुकलेलं नाही. ते वाक्य मी घट्ट धरलं. त्यानंतर तो नियम मी इतका कडक पाळला, पन्नास पोरापोरींना शिकवला, तुला शिकवला. तो बरोबर आहे असं मी जितक्यांदा सांगत होते तितक्यांदा त्या टोमॅटोंपाशी माझं चुकलं नव्हतं. हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितेय. तुझ्या आईलासुद्धा माहीत नाही.

शहरात तो नियम ठीकच आहे. तिथे कुणीच कुणाशी बोलत नाही, त्यात आपलं न बोलणं मिसळून जातं. तू जिथे आहेस तिथे काय होईल, हा विचार मी करायला हवा होता. तू मला सगळं लिहिलं होतंस. शिपाईबाई रस्ता ओलांडून जातात हे वाचून माझ्यासारख्या म्हातारीला कळायला हवं होतं. मी शेतीची कामं म्हटलं.

गुडघा बरा आहे. बाजारात मी जात नाही ते वेगळ्या कारणाने. तिथे जुने पेशंट भेटतात.

रागाव. पण पत्र टाक.

मावशी


१८ एप्रिल

प्रिय मावशी,

तुझं पत्र तीनदा वाचलं, मग ट्रंकेत तळाशी ठेवलं. त्या बाईंबद्दल मी काय लिहू? मी तुझ्या जागी असते तर मीही टोमॅटोच बघितले असते. माझा राग गेलाय. केव्हा गेला ते कळलंही नाही, कामात होते.

त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी दारातून म्हटलं, "नमस्कार." ते न वळता म्हणाले, "आज ओळख पटली वाटतं."

मी खाली जमिनीवर बसले. तू लिहिलेलं अजून हातात पडायचं होतं, पण रडले नाही एवढं खरं. म्हटलं, "सोमवारी तुम्ही मला सांगायला आला होतात आणि मी बघितलं नाही. माझं चुकलं." मग विचारलं, मरायचं मनात आहे का? तेव्हा वळले आणि म्हणाले, "आहे." सिस्टरनी त्यांचा हात धरला. सासूबाई दारातच उभ्या होत्या, त्यांनी फक्त पदराने तोंड पुसलं.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. गोळ्या सुरू केल्या. पहिले दोन आठवडे आम्ही तिघी आणि त्यांचा एक चुलतभाऊ, पाळीपाळीने बसलो. मी बसायचे तेव्हा ते माझ्याशी बोलायचे नाहीत. मीही काही विचारायचे नाही, तांदूळ निवडायचे. सासूबाई म्हणाल्या, तुम्हाला खडे दिसत नाहीत. खरं आहे.

चावीचं विचारलं मी त्यांना. म्हटलं, समितीत जाऊन काही बोलू का? ते म्हणाले, "तुम्ही काही बोलू नका. न बोलून पुष्कळ सांगितलंत." मावशी, हे वाक्य मला जन्मभर पुरेल. सासूबाई मात्र गेल्या. समितीपुढे कमरेवर हात ठेवून विचारलं, की माझी लेक गेली त्या दिवशीसुद्धा ज्याने तुम्हाला पाणी सोडलं, त्याचा तुम्हाला भरवसा नाही? बघू म्हणाले सगळे. अजून बघतायत. चावी आता दुसऱ्याकडे आहे.

सरांना द्यायच्या अहवालात मी सगळं लिहिलंय, काही झाकलं नाही. माझं प्रशिक्षणाचं वर्ष धरायचं की पुन्हा करायला लावायचं ते मे महिन्यात ठरवतील. जे ठरेल ते ठरेल. आता कुणी नवीन आलं की पहिल्याच दिवशी विचारते, रस्त्यात भेटलो तर कसं वागू? एक जण म्हणाली, सगळ्यांशी बोलता तसंच बोला, वर चार शब्द जास्त बोला म्हणजे कुणाला शंका येणार नाही. शिपाईबाई परत आल्यात. बाकीचे नाहीत.

पाणी सोडणारेही माझ्याकडे येणार नाहीत. बरे झाल्यावर त्यांनी सिस्टरकडून निरोप पाठवला, "मोठ्या दवाखान्यात जाईन, मॅडमकडे नको." मी तिथल्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून दिली. दर मंगळवारी बसने जातात. सिस्टर विचारतात, गोळ्या चुकवत नाहीत.

मार्चअखेरीपासून लाकडाच्या वखारीत कामाला जातात. सकाळी सातला ते तिकडे निघतात आणि मी केंद्राकडे. चौकात समोरासमोर येतो. मी रोज म्हणते, "नमस्कार, बरं आहे ना?" ते मान फिरवतात आणि पुढे जातात. पायरीवरचे लोक बघत असतात. पहिल्या दिवशी केंद्रात येऊन दाराला वीट लावली आणि रडले. दुसऱ्या दिवशीही लागलं. त्यांचा हक्क आहे तो, असं मनाला सांगितलं तरी लागायचं ते लागतंच.

आता घरून निघताना एवढंच मनात असतं, की सात वाजता ते चौकात असू देत. मान फिरवायला का होईना, उठलेले असू देत.

आज होते.

तुझी ठमी